‘रन’चे ६४५ अर्थ

इंग्रजीत सर्दी झाली की नाक ‘रन’ होतं, नळ ‘रन’ होतो, दुकानदार दुकान ‘रन’ करतो, दोन गावांच्या मध्ये गाडी ‘रन’ करते. मराठीत यातली फक्त गाडी धावते. नाक वाहतं, नळ चालू राहतो, दुकान चालवावं लागतं. अमेरिकेत निवडणुकीसाठी ‘रन’ करणारा उमेदवार तर आपल्याकडे चक्क उभा राहतो!

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली आली, तेव्हा अर्थांच्या बाबतीत ‘सेट’ हे क्रियापद सगळ्यांत पुढे होतं. त्याचे ४३० अर्थ नोंदवायला जवळपास ६०,००० शब्द लागले होते. पुढे सुधारित नोंदी करताना ‘रन’ची पाळी आली. कोशकार पीटर गिलिव्हर या एका शब्दावर नऊ महिने काम करत होते. नुसत्या क्रियापदाचे अर्थ भरले ६४५.

एवढे अर्थ आले कुठून? मुळात पायांनी वेगानं जाणं एवढंच. पाणीही वेगानं जातं, म्हणून तेही ‘रन’. नदीकाठानं जाणाऱ्या रस्त्यावरून आपली नजर पुढे सरकते, म्हणून रस्ताही ‘रन’. मग यंत्रं आली, चाकं फिरू लागली, कारखाने ‘रन’ होऊ लागले आणि शेवटी संगणकातला प्रोग्रॅमही. प्रत्येक पाऊल छोटंसं, सहज कळणारं. पण धावणारा माणूस आणि जागचा न हलणारा संगणक शेजारी ठेवले, तर नातं ओळखू येत नाही. एकाच शब्दाला असे एकातून एक अर्थ फुटत जाण्याला ‘पॉलिसेमी’ हे नाव फ्रेंच अभ्यासक मिशेल ब्रेआल यांनी १८९७ मध्ये रूढ केलं. क्रिकेटची बॅट आणि वटवाघूळ म्हणजे ‘बॅट’ यांची गोष्ट मात्र वेगळी. ते दोन निराळे शब्द, उच्चार बदलत बदलत सारखे झालेले.

हे इंग्रजीचंच वैशिष्ट्य आहे असं वाटत असेल, तर आपलं ‘लागणे’ आठवा. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, झाडाला आंबे लागतात, दुपारी जरा डोळा लागतो. हार्वर्डचे जॉर्ज झिफ यांनी १९४५ मध्ये दाखवलं, की शब्द जितका वापरातला तितके त्याचे अर्थ जास्त, साधारण वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणजे शंभरपट वापरल्या जाणाऱ्या शब्दाला सुमारे दहापट अर्थ. म्हणूनच ‘एक शब्द, एक अर्थ’ अशा याद्या पाठ करून घेणं मला मुलांवर अन्याय वाटतो. नेमके रोजचे शब्दच त्या यादीत मावत नाहीत.

मग ऐकताना आपला गोंधळ का उडत नाही? १९७९ मध्ये डेव्हिड स्विनी यांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजीत ‘बग’ म्हणजे किडा, आणि चोरून ऐकण्यासाठी लपवलेलं यंत्रही. लोकांना हेडफोनवर एक वाक्य ऐकवलं: त्या माणसाला खोलीच्या कोपऱ्यात कोळी, झुरळं आणि इतर ‘बग्ज’ सापडले. ‘बग्ज’ कानावर पडताक्षणी पडद्यावर अक्षरं उमटत. हा खरा शब्द आहे की नाही, एवढंच झटकन सांगायचं. मनात एखादा अर्थ जागा असेल, तर त्याच्या नात्यातला शब्द लवकर ओळखला जातो. ‘मुंगी’ लवकर ओळखली गेली, यात नवल नाही. पण ‘हेर’सुद्धा लवकर ओळखला गेला! कोळी आणि झुरळं नुकतीच ऐकलेली असूनही. कानावरचं वाक्य आणखी तीन अक्षरं पुढे गेल्यावर हीच परीक्षा घेतली, तर फक्त मुंगी उरली होती. म्हणजे मन आधी दोन्ही दारं उघडतं आणि डोळ्याचं पातं लवावं तसं एक मिटून घेतं. आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

यंत्रांना हेच फार जड गेलं. येहोशुआ बार-हिलेल यांनी १९६० मध्ये भाषांतर करणाऱ्या यंत्रांपुढे खेळण्यांची पेटी शोधणाऱ्या एका मुलाबद्दलचं एक साधं वाक्य ठेवलं: पेटी ‘पेन’मध्ये होती. इथे ‘पेन’ म्हणजे लेखणी नव्हे, तान्ह्या मुलांना खेळायला ठेवतात ते कठड्याचं कुंपण. हे कळायला व्याकरण पुरत नाही. खेळण्यांची पेटी केवढी असते आणि लेखणी केवढी, ते ठाऊक असावं लागतं.