समानुभूती-खेळ (ऑनलाइन)

दुसऱ्याच्या जागी बसवून त्याच्या वाट्याचे निर्णय घ्यायला लावणारे, मुख्यतः किशोरवयीनांसाठीचे संगणकीय प्रतिरूपण खेळ. खेळाडू निर्वासित होतो, तुटपुंज्या मिळकतीचा कामगार होतो, आणि प्रत्येक निवडीची किंमत पुढे मोजतो.

संज्ञा : ‘सहानुभूती’त कणव येते, ‘समानुभूती’त दुसऱ्याच्या मनःस्थितीचे आतून आकलन, बोलण्यात दोन्हींची सरमिसळ होते. मूळ जर्मन ‘आइनफ्यूलुंग’ ही संज्ञा रोबेर्ट फिशर यांनी १८७३ मध्ये सौंदर्यविचारात वापरली, टिओडोर लिप्स यांनी ती मानसशास्त्राकडे नेली आणि एडवर्ड टिचनर यांनी १९०९ मध्ये तिला ‘एम्पथी’ हा इंग्रजी पर्याय दिला. म्हणजे ती जन्मली कलाकृतीसमोरच्या प्रेक्षकासाठी, शेजाऱ्यासाठी नव्हे. संस्कृत काव्यशास्त्रकार भट्टनायकाच्या (सु. दहावे शतक) साधारणीकरणाशी (रसास्वादात भाव एका व्यक्तीचा न राहता सर्वांचा होणे) तिचे नाते जोडण्याचा मोह होतो, पण तिथे व्यक्तिविशेष गळून पडतो, खेळात तो नेमका हवा असतो. जोडणी जपूनच करावी.

पूर्वपीठिका : खेळातून नीती शिकवणाऱ्या मोक्षपटाचे (सापशिडीचे जुने रूप) कर्तृत्व परंपरा ज्ञानेश्वरांकडे देते. उपलब्ध जुने पट मात्र बहुधा अठराव्या शतकाच्या मागे जात नाहीत. तेव्हा ही परंपरा म्हणूनच नोंदवणे बरे. मोक्षपटात कवड्या ठरवतात, प्रस्तुत खेळांत खेळाडू ठरवतो. हा फरक दिसतो त्याहून मोठा आहे.

प्रमुख खेळ व आक्षेप : जागतिक अन्न कार्यक्रमाचा ‘फूड फोर्स’ २००५ चा. सुदानमधील डार्फरच्या संघर्षावरील ‘डार्फर इज डाइंग’ (२००६) मध्ये घरातले एक माणूस निवडून पाण्याला धाडायचे आणि सशस्त्र टोळीची गाडी दिसली की आडोशाला दडायचे. ‘स्पेंट’ (२०११) मध्ये हाती १,००० डॉलर, महिना काढायचा. याच खेळावरच्या रूसॉस व डोव्हिडिओ यांच्या अभ्यासात (२०१६) गरिबांविषयीची दृष्टी सुधारल्याचे आढळले नाही. उलट गरिबी ही माणसाच्या हातातली गोष्ट आहे, हा समज काहींत बळावला. बटण दाबले की मार्ग निघतो, हे खेळाने नकळत शिकवले. कवड्यांचा पट या बाबतीत अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल.

नाशिक : येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न वैद्यकीय महाविद्यालयांत संवाद व नीतीच्या ‘एटकॉम’ अभ्यासक्रमात भूमिका-अभिनय असतो. तो ऑनलाइन खेळ नव्हे. पण त्यात अभिनयानंतर चर्चा होते, आणि खेळापेक्षा परिणाम तिचाच असावा.

विषयाला जिल्ह्यात तोटा नाही. पेठ-सुरगाण्याची कुटुंबे ऑक्टोबर छाटणीला दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. यावर मराठीत खेळ रचायचा तर पहिलाच डाव अडतो : उचल (मजुरीपोटी आगाऊ रक्कम) घ्यायची की नाही? ‘नाही’चे बटण ठेवता येईल, घरात दाणा नसताना ते दाबणार कोण?