लिस्टचा तुकडा बदलणे

प्रोग्रामिंगमध्ये एखाद्या लिस्टमधले, म्हणजे क्रमाने मांडलेल्या यादीतले, सलग काही घटक काढून त्या जागी दुसऱ्या लिस्टचे घटक बसवण्याची क्रिया. जेवढे काढले तेवढेच बसवले पाहिजेत, अशी सक्ती बहुतेक भाषांत नाही. त्यामुळे लिस्ट वाढते, आखडते किंवा तेवढीच राहते. पायथन या भाषेत याला स्लाइस असाइनमेंट म्हणतात. पर्ल आणि जावास्क्रिप्टमध्ये हेच काम स्प्लाइस करते. दोरखंडाच्या दोन टोकांचे पीळ एकमेकांत गुंफून सांधण्याला इंग्रजीत हा शब्द आहे.

उदाहरणासाठी मराठवाड्याचे जिल्हे घेऊ. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा इथे पाचच जिल्हे होते : औरंगाबाद, बीड, नांदेड, उस्मानाबाद, परभणी. या क्रमाने त्यांची लिस्ट केली तर इंडेक्स, म्हणजे जागांचे शून्यापासून मोजलेले क्रमांक, ० ते ४ होतात. १९८१ मध्ये औरंगाबादमधून जालना जिल्हा झाला. पायथनमध्ये तो असा घालता येतो :

जिल्हे[०:१] = ["औरंगाबाद", "जालना"]

(पायथन ३ मध्ये चलाचे (व्हेरिएबलचे) नाव देवनागरीत चालते; अंक मात्र इंग्रजीच लागतात, इथे वाचनासाठी मराठीत दिले आहेत.) कंसातला पहिला आकडा धरायचा, दुसरा सोडायचा. म्हणजे ० ते १ या तुकड्यात एकटे औरंगाबाद येते. एक घटक गेला, दोन आले, लिस्ट सहाची झाली. जालन्यात परभणीचा परतूर तालुकाही गेला होता, पण नावांच्या यादीला तालुक्यांचे काय!

नवशिके चुकतात ते पुढच्या पायरीला. १९८२ मध्ये उस्मानाबादमधून लातूर वेगळा झाला. मूळ लिस्टमध्ये उस्मानाबादचा इंडेक्स ३ होता, म्हणून [३:४] लिहिले तर नांदेड पुसले जाते आणि उस्मानाबाद दोनदा दिसते. जालन्याने मागच्या सगळ्यांना एकेक घर पुढे ढकललेले असते. इथे [४:५] हवे. १९९९ मध्ये परभणीतून निघालेल्या हिंगोलीसाठी तर परभणी सहाव्या इंडेक्सवर पोचलेली असते. असे अनेक बदल एकदम करायचे असतील तर शेपटाकडून सुरुवात करावी : आधी परभणी, मग उस्मानाबाद, शेवटी औरंगाबाद. मग जुने इंडेक्स तसेच वापरता येतात. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. तिथे एकास एक बदल असल्याने कोणी हलले नाही.

उजवीकडे रिकामी लिस्ट दिली की तुकडा नुसता गळून पडतो. उलट डावीकडचा तुकडा रिकामा, म्हणजे [२:२] असा, ठेवला तर काहीही न काढता मधेच भर घातली जाते. पाचच घटक असताना [५०:६०] लिहिले तरी पायथन कुरकुर करत नाही, नवे घटक निमूट शेवटी जोडतो. [५०] अशा एकट्या इंडेक्सला मात्र तो लगेच एरर देतो. [४:५] ऐवजी [४] लिहिले तर लिस्टच्या पोटात अख्खी लिस्ट जाऊन बसते, हाही नेहमीचा घोळ. आणि [४:५] ला चौकटी कंस न देता नुसते "लातूर" दिले तर अक्षरांची फोड होते : ल, काना, त, दीर्घ उकार, र असे पाच घटक. रोमन लिपीत निदान अक्षरे तरी दिसतात, देवनागरीत काने-मात्रा सुटे होऊन हिंडू लागतात.

सलग नसलेला तुकडा, उदाहरणार्थ एकाआड एक घटक, बदलताना नियम कडक आहे. कपाशीच्या नांग्या भरताना जेवढ्या जागा रिकाम्या तेवढीच बी लागते, तसे इथे दोन्हीकडची संख्या जुळलीच पाहिजे. नाही तर व्हॅल्यू एरर येते.

लिस्ट तीच ठेवून आतला सगळा माल बदलायचा असेल तर [:] वापरतात. एकाच लिस्टला दोन नावे असली तर नुसते बरोबरचे चिन्ह वापरल्याने एक नाव नव्या लिस्टकडे जाते आणि दुसरे जुन्याच लिस्टला धरून राहते. [:] ने दोघांनाही बदल दिसतो.

खर्चाचे म्हणाल तर, घटकांची संख्या बदलली की तुकड्यानंतरचे सगळे सरकवावे लागतात. लाखभर नोंदींच्या लिस्टमध्ये सुरुवातीलाच वारंवार भर घालणे म्हणूनच महागात पडते. लिंक्ड लिस्टमध्ये, म्हणजे प्रत्येक घटक पुढच्याचा पत्ता धरून असतो अशा लिस्टमध्ये, रेल्वेच्या डब्यांप्रमाणे फक्त जोड बदलायचे असतात. पण हव्या त्या डब्यापर्यंत एकेक डबा ओलांडत जावे लागते.

जावास्क्रिप्टच्या स्प्लाइसमध्ये दुसरा आकडा शेवटचा इंडेक्स नसतो, किती घटक काढायचे ती संख्या असते. पायथनची सवय असलेल्यांचा हात इथे हमखास अडखळतो. काढलेले घटक स्प्लाइस परत देते. नवे घटक एकेक करून द्यावे लागतात. अख्खी लिस्ट दिली तर ती तशीच आत जाते, म्हणून तिच्याआधी तीन टिंबे देऊन ती पसरतात. मूळ लिस्टला हात न लावता बदललेली नवी लिस्ट देणारी टू-स्प्लाइस्ड ही पद्धत जावास्क्रिप्टच्या २०२३ च्या मानकात (स्टँडर्डमध्ये) आली. १९६० ची पाच जिल्ह्यांची यादीही जवळ हवी असेल तर टू-स्प्लाइस्डच वापरावी.