शिरोरेषा का तुटते : वेबवरच्या देवनागरीची पार्श्वभूमी

शीर्षक जरा हवेशीर दिसावे म्हणून डिझायनरने लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधले अंतर, वाढवलेले असते. इंग्रजी पानावर ते शोभतेही. मग तीच सीएसएस, म्हणजे पानाच्या रूपाचे नियम, मराठी पानाला लागते आणि ‘महाराष्ट्र’चे दोरी तुटलेले तोरण होते: म, हा, रा, ष्ट्र, चार तुकडे आणि मधे तीन फटी. क्लायंटचा फोन येतो, ‘फॉन्ट बिघडलाय.’ फॉन्टला काहीही झालेले नसते. ब्राउझरने सांगितले तेवढेच केलेले असते. ही सोय ज्या लिपीसाठी निघाली तिच्यात छापील अक्षरे सुटी उभी असतात. आपली एका रेषेला टांगलेली.

मराठी साइटवर काम करणाऱ्याला असे बरेच नमुने तोंडपाठ असतात. उकार खालच्या ओळीत घुसतो. समोर दिसणारा शब्द शोधात सापडत नाही. जुन्या फाइलमधला मजकूर पेस्ट केला की रोमन गिचमिड उमटते. प्रत्येकाला वेगळा उतारा असला तरी यातल्या बहुतेकांच्या मुळाशी एकच जुना प्रश्न आहे. डोळ्याला दिसतात ते आकार साठवायचे, की तोंडाने म्हणतो ती अक्षरे?

छापखान्यापुढे हा प्रश्न नव्हताच. शिशाच्या खिळ्याला आकार असतो, उच्चार नसतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देखण्या देवनागरी वळणाचा जो वस्तुपाठ घातला, त्यामागे शेकडो खिळ्यांचा पसारा होता. मुंबईच्या पद्धतीत एक ओळ खरे तर तीन थरांत जुळवली जाई: मधे अक्षर, वर मात्रा आणि रफार, खाली उकार. जुळाऱ्याचा हात खिळ्यांच्या केसच्या, म्हणजे कप्प्यांच्या पेटीच्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखा फिरत राही. खिळे कमी करावेत हा ध्यास म्हणूनच इतका जुना. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’साठी तो खटाटोप केला, सावरकरांनी ‘अ’चीच बाराखडी पुढे आणली. जुन्या अंकांत ‘अि’, ‘अु’ दिसले की मुद्रणदोष समजू नये. तो खिळे वाचवण्याचा मार्ग होता. बापूराव नाईकांनी १९७१मध्ये ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ या ग्रंथात या साऱ्याची तपशीलवार नोंद करून ठेवली आहे.

टाइपरायटरने आवळपट्टी आणखी घट्ट केली. पन्नासेक कळांत सगळी देवनागरी बसवायची, म्हणून अक्षरांचे तुकडे पाडले गेले: अर्धा भाग एका कळीवर, काना दुसरीवर, दोन्ही जुळले की पूर्ण अक्षर. हे ठिगळकाम पुढे जसेच्या तसे संगणकात उतरले.

साधारण १९९०च्या दशकात घरोघरी आणि छापखान्यांत जे देवनागरी फॉन्ट पोचले, ते रोमन अक्षरांच्या जागा बळकावून बसलेले होते. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, शुषा, सी-डॅकचा डीव्ही-टीटी-सुरेख, कृतिदेव. प्रत्येकाची जागावाटणी वेगळी. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच होता, फक्त ‘डी’ या अक्षराचे चित्र ‘क’सारखे काढलेले होते.

कृतिदेवचे उदाहरण घेतो. त्याची मांडणी टाइपरायटरवरून आलेली, त्यामुळे ठिगळे स्पष्ट दिसतात. ‘मराठी’ लिहायचे तर फाइलमध्ये ई, जे, के, कॅपिटल बी, एच अशी पाच रोमन अक्षरे पडतात. ‘क्ष’ म्हणजे महिरपी कंस आणि काना. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी, ‘क’ नंतर, कारण कागदावर वेलांटी आधी दिसते. ‘कर्म’ लिहिताना क, म आणि सगळ्यात शेवटी रफार, कारण तो ‘म’च्या डोक्यावर बसतो. हात बसलेल्या टायपिस्टला यात काही चूक वाटत नाही, आणि कागदावर छापायचे एवढेच काम असेल तर चूक नव्हतीही.

वेबवर मात्र पंचाईत झाली. वाचणाऱ्याच्या संगणकात तोच फॉन्ट नसेल तर सगळे पान गिचमिड. म्हणून त्या काळच्या मराठी साइटवर वरच्या कोपऱ्यात ‘फॉन्ट डाउनलोड करा’ अशी पाटी असायची. १९९७च्या सुमारास दोन पळवाटा निघाल्या: मायक्रोसॉफ्टची ईओटी आणि नेटस्केपमध्ये चालणारी बिटस्ट्रीमची ट्रूडॉक. फॉन्ट पानासोबतच यायचा. १९९८च्या सीएसएस-२मध्ये पानाला फॉन्ट जोडून देणारा फॉन्ट-फेसचा नियमही आला. म्हणजे वेबफॉन्टची गरज आपल्याकडे शोभेपायी आली नाही. त्याशिवाय पान वाचताच येत नव्हते. तरीही सर्च इंजिनला त्या पानावर मराठी दिसत नव्हती. पुढे फायरफॉक्स या ब्राउझरसाठी ‘पद्मा’ नावाचे एक्स्टेन्शन आले. ते असले पान उघडताच मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामायिक संकेतप्रणालीत, बदलून दाखवी. आमच्या धंद्यातल्या सगळ्यात उपयोगी अवजारांत मी त्याला आजही वरची जागा देईन.

दुसऱ्या उत्तराची, म्हणजे उच्चार साठवण्याची, तयारी खरे तर या फॉन्टांच्या आधीच सुरू झाली होती. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले जिस्ट या भारतीय लिप्यांच्या संगणकीय तंत्राचे काम १९८८मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. इस्की ही भारतीय लिप्यांची सामायिक संकेतप्रणाली १९९१मध्ये भारतीय मानक म्हणून जाहीर झाली. तिचे तत्त्व साधे: उच्चाराच्या क्रमाने अक्षरे साठवा, आकार दाखवताना जुळवा. ‘कि’ म्हणजे आधी क, मग वेलांटी. ‘कर्म’ म्हणजे क, र, हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह), म. ऑक्टोबर १९९१मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. देवनागरीला मिळालेल्या १२८ जागांची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवर बेतलेली होती.

तत्त्व सुंदर, पण आता आकार जुळवणार कोण? ते काम फॉन्टमधल्या नियमांवर आणि ते नियम चालवणाऱ्या इंजिनावर आले. विंडोज २०००सोबत ‘मंगल’ हा फॉन्ट आला. तो केला होता र. कृ. जोशींनी. कवी, सुलेखनकार, आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागातले शिक्षक. त्यांच्या हाताचे वळण कोट्यवधी पडद्यांवर गेले आणि बहुतेकांना त्यांचे नावही ठाऊक नाही. मंगलला नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. पण त्या काळचे कमी रिझोल्यूशनचे पडदे आणि त्यावर धड वाचता येणारे जोडाक्षर, ही जोडी जमवणे सोपे नव्हते.

विंडोज एक्सपीवर तर आधी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’च्या चौकोनात खूण करावी लागे आणि मग मशीन सीडी मागे. ती सीडी घरात कुणाकडेच नसे. तोवर वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला आणि हलन्त उघडे पडलेले. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला तो अशा दिवसांत. आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड सगळीकडे हे जुळणीचे काम हार्फबझ नावाची मुक्त लायब्ररी करते. नाव फारसीवरून घेतले आहे. त्यातला ‘हर्फ’ म्हणजे आपल्या जुन्या मराठीतला ‘हरफ’, अक्षर.

फॉन्टांचा दुष्काळ त्यानंतरही बराच काळ टिकला. लोहित होता, मंगल होता, पुढे नोटो आला. गूगल फॉन्ट्स २०१०मध्ये सुरू झाले, पण देवनागरीची खरी भर पडली ती २०१४च्या आसपास, इंडियन टाइप फाउंड्रीचा हिंद आणि पॉपिन्स, मुंबईच्या एक टाइपचा मुक्त अशा फॉन्टांनी. डब्ल्यूओएफएफ हे वेबफॉन्टचे स्वरूप डिसेंबर २०१२मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचे मानक झाले होते आणि जास्त दाबून बसवणारी त्याची दुसरी आवृत्ती मार्च २०१८मध्ये. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांचे शेकडो आकार भरलेले असतात. त्यामुळे फाइल वजनदार होते आणि दाबण्याचा खरा फायदा आपल्यालाच.

वजन उतरवायला सगळे जण फॉन्टटूल्समधले सबसेट करण्याचे, म्हणजे नको ते आकार गाळण्याचे, अवजार वापरतात, आणि इथे एक खड्डा ठरलेला आहे. देवनागरीच्या १२८ जागांचा पट्टा दिला की काम झाले असे वाटते. पण शून्य रुंदीचा जोडक आणि विभाजक (अक्षरे जुळवायची की सुटी ठेवायची ते सांगणारी अदृश्य चिन्हे), ठिपक्यांचे वर्तुळ, रुपयाचे चिन्ह ही मंडळी त्या पट्ट्याबाहेर राहतात. जोडक गाळला की काही ठिकाणी अर्धी अक्षरे मोडतात, तीही सगळ्या पानांवर नाही. म्हणून तपासणीत सुटतात. तीच गत सीएसएसमध्ये युनिकोड-रेंज, म्हणजे फॉन्ट कुठल्या अक्षरांना लावायचा तो पट्टा, हाताने लिहिणाऱ्यांची.

मराठी वाचकाला खटकणारी आणखी एक गोष्ट म्हणजे श आणि ल. बहुतेक फॉन्टांत मूळ आकार हिंदी वळणाचे. आपल्याला देठाचा श आणि पाकळीचा ल हवा असतो. राज्य शासनानेही २०२२च्या निर्णयात हेच आकार सांगितले. ओपनटाइप या फॉन्टच्या स्वरूपात यासाठी सोय आहे: फॉन्टमध्ये मराठीचे आकार वेगळे भरता येतात आणि पानाने आपली भाषा मराठी असल्याचे सांगितले की ब्राउझर ते उचलतो. किती मराठी साइटवर भाषा सांगणाऱ्या लँग या ठिकाणी अजून ‘ईएन’, म्हणजे इंग्रजी, लिहिलेले असते, हे कधी सोर्स उघडून पाहा. टेम्प्लेट आले तसे राहते. टायरो देवनागरीने वेगळा रस्ता धरला आणि हिंदी, संस्कृत, मराठी असे तीन स्वतंत्र फॉन्टच दिले.

उच्चार साठवायचे ठरले तरी एकाच उच्चाराला दोन वाटा राहिल्याच. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८मध्ये, ५.१ या आवृत्तीत. तोवर लोक ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवत होते आणि अजूनही देतात. दोन्ही दिसायला जवळपास सारखे, पण युनिकोडच्या नॉर्मलायझेशनमध्ये, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे सारखी करण्याच्या नियमांत, ते एक होत नाहीत. सर्चमध्ये दोन्ही एक धरण्याचे काम आपल्यालाच करून घ्यावे लागते.

मोजणीचेही तसेच. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेला ‘क्षत्रिय’ची लांबी विचारली तर ती आठ सांगते; आपण म्हणू तीन. मजकूर कापताना हलन्ताशी कात्री लागली की उघडा पाय मोडलेला ‘क्’ उरतो. मजकूर अक्षराअक्षराने तोडणारे इंटल-सेगमेंटर हे जावास्क्रिप्टचे अवजार यासाठीच आहे. पण जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडमध्ये आला तो २०२३च्या १५.१ आवृत्तीत. त्याआधीच्या आवृत्तीवर चालणारे ब्राउझर ‘क्ष’ची दोन शकले करतात.

मागे एका बंद पडलेल्या मासिकाचे जुने अंक वेबवर आणायचे काम माझ्याकडे होते. मजकूर जुन्या फॉन्टांतला, कन्व्हर्टर हिंदीसाठी लिहिलेला. वेलांट्या त्याने नीट मागे नेल्या, रफार नीट पुढे आणले. अडला तो आपल्या चंद्रकोरीच्या ‘र’शी, कारण हिंदीला त्याचे काम पडत नाही. ‘वऱ्हाड’चे ‘वर्हाड’ झाले, ‘तऱ्हा’ची ‘तर्हा’. ‘ह’पुरता नियम लिहून टाकला, ‘अर्हता’ आणि ‘गर्हणीय’ यांना अपवाद केले. ‘य’शी तसे जमेना. ‘सूर्य’, ‘आर्य’, ‘धैर्य’ जसेच्या तसे राहायला हवेत, ‘पायऱ्या’, ‘फेऱ्या’, ‘सुऱ्या’ बदलायला हव्यात. शब्दांची यादी केली आणि ती चालली. कोकणावरच्या एका प्रवासवर्णनात मात्र पाच ओळींच्या अंतराने समुद्रही होता आणि सह्याद्रीही. त्या पानावरचा प्रत्येक ‘दर्या’ वाचून, कुठला ‘दऱ्या’ करायचा ते हाताने ठरवले.