जून अल्मेडा यांचे रिसर्च पेपर आणि त्यांचा प्रभाव

जून अल्मेडा (१९३० ते २००७) या मूळच्या ग्लासगोच्या, स्कॉटलंडमधल्या व्हायरॉलॉजिस्ट, म्हणजे व्हायरसचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ. माणसाला होणारे कोरोनाव्हायरस इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ओळखून त्यांचे फोटो पहिल्यांदा छापणाऱ्या बाई म्हणून २०२० मध्ये त्यांचं नाव बऱ्याच जणांच्या कानावर गेलं, पण ते त्यांच्या कामातलं एक प्रकरण झालं, बाकीचंही तेवढंच मोठं आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

वडील बस ड्रायव्हर, कॉलेजला घालायला पैसे नव्हते, म्हणून सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि त्या ग्लासगो रॉयल इन्फर्मरीत लॅब टेक्निशियन म्हणून लागल्या. पुढे लग्नानंतर कॅनडात टोरांटोच्या ऑंटॅरिओ कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप हातात आला आणि तिथून पेपर सुरू झाले. डिग्री नसताना! १९६४ ला ए. पी. वॉटरसन या व्हायरॉलॉजिस्टनी त्यांना लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये बोलावून घेतलं. नंतर लंडनमध्येच डॉक्टर ऑफ सायन्स ही डिग्री मिळाली ती छापून आलेल्या पेपरांच्या जोरावर, म्हणजे आधी डिग्री मग रिसर्च हा नेहमीचा क्रमच इथे उलटा झालाय.

त्यांच्या बहुतेक पेपरांच्या मुळाशी दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे निगेटिव्ह स्टेनिंग, ही पद्धत त्यांनी शोधलेली नाही, ब्रेनर आणि हॉर्न यांनी ती १९५९ मध्ये मांडली होती. सॅम्पलच्या थेंबात फॉस्फोटंग्स्टिक अ‍ॅसिड घालतात, जड धातू व्हायरसच्या भोवती साचतो, आजूबाजूचं काळं दिसतं आणि व्हायरस उजळ, अगदी काट्यांसकट दिसतो. दुसरी गोष्ट त्यांची खासियत, इम्यून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी. पेशंटच्या सॅम्पलमध्ये इतका कचरा असतो की त्यात व्हायरसचा कण कुठला आणि साधा कण कुठला हे कळत नाही, तर त्यात त्या व्हायरसच्या अँटिबॉडी (व्हायरसविरुद्ध शरीर बनवतं ती प्रथिनं) सोडायच्या, त्या कणांना चिकटतात, कण गोळा होऊन पुंजके बनतात आणि पुंजका दिसला की खात्री पटते. १९६३ मध्ये सिनेडर आणि हॉवॅटसन यांच्याबरोबरचा त्यांचा अँटिजन (अँटिबॉडी ज्याला चिकटते तो पदार्थ) आणि अँटिबॉडी यांच्या पुंजक्यांवरचा पेपर आला, पुढचं सगळं त्याच पायावर उभं आहे असं मला वाटतं.

कोरोनाची गोष्ट अशी. इंग्लंडमधल्या सॉल्सबरीच्या कॉमन कोल्ड युनिट या सर्दीवरच्या रिसर्च केंद्रात डेव्हिड टायरेल यांच्याकडे बी८१४ नावाचं एक सॅम्पल होतं, एका बोर्डिंग शाळेतल्या मुलाच्या सर्दीतलं. त्यातला व्हायरस नेहमीच्या सेल कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींवर, वाढायचा नाही, श्वासनलिकेच्या तुकड्यांवर वाढवावा लागायचा. टायरेलनी ते अल्मेडाबाईंकडे पाठवलं आणि त्यांना लगेच ओळखीचं वाटलं, कारण कोंबड्यांच्या ब्रॉन्कायटिसमध्ये आणि उंदरांच्या हिपॅटायटिसमध्ये त्यांनी असेच कण आधी पाहिले होते! त्या आधीच्या कामावरचा पेपर मात्र रिव्ह्यूअरनी परत पाठवला होता, हे तर इन्फ्लुएंझाचे खराब आलेले फोटो आहेत म्हणून. बी८१४ आणि २२९ई नावाचा सर्दीचा आणखी एक व्हायरस यांचे फोटो १९६७ मध्ये जर्नल ऑफ जनरल व्हायरॉलॉजीत आले. १९६८ ला नेचर या जर्नलमध्ये आठ जणांच्या सहीची छोटीशी नोंद छापली गेली, तिथून कोरोनाव्हायरस हे नाव रूढ झालं. पुण्याच्या एनआयव्हीने (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ व्हायरॉलॉजी) २०२० मध्ये केरळमधल्या पेशंटच्या घशाच्या स्वॅबमधून सार्स-कोव्ह-२ चे, म्हणजे कोविडच्या व्हायरसचे, फोटो इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये दिले तेसुद्धा निगेटिव्ह स्टेनिंगनेच काढलेले, त्यात साधारण ७५ नॅनोमीटरचा एक कण चांगला शाबूत सापडला होता.

१९६७ मध्येच रुबेलाचा व्हायरस दाखवणाऱ्या टीममध्येही त्या होत्या. हिपॅटायटिस बी मध्ये तर त्यांचं काम फार मोलाचं आहे, कणाचं बाहेरचं कवच वेगळं आणि आतला गाभा वेगळा, आणि गाभ्याविरुद्ध शरीर स्वतंत्र अँटिबॉडी बनवतं हे १९७१ च्या लॅन्सेटमधल्या पेपरने दाखवलं. आज कितीतरी देशांत रक्तपेढीत त्या गाभ्याच्या अँटिबॉडीची टेस्ट होते.

आता प्रभाव मोजायचा कसा? नुसता सायटेशनचा, म्हणजे दुसऱ्या पेपरांनी किती वेळा उल्लेख केला त्याचा, आकडा बघून तो कळणार नाही, कारण एखादी पद्धत सगळ्या लॅबमध्ये रोजची झाली की मूळ पेपरचा उल्लेख करायचं लोक सोडून देतात. अमेरिकेत अल्बर्ट कापिकियन यांनी हेच पुंजक्यांचं तंत्र वापरून १९७२ मध्ये जुलाब-उलट्यांच्या साथीमागचा नॉरवॉक व्हायरस दाखवला, तोच आजचा नोरोव्हायरस, आणि १९७३ ला फाइनस्टोन, कापिकियन आणि पर्सेल यांना हिपॅटायटिस ए चा व्हायरस पेशंटच्या शौचाच्या सॅम्पलमध्ये सापडला तोही असाच. या दोन्ही पेपरांवर अल्मेडांचं नाव नाही, पण त्यांचं ऋण मोजायचं असेल तर ते तिथेच दिसतं.

पुढे त्या वेलकमच्या लॅबमध्ये होत्या, रिटायर झाल्यावर योगा शिकवायच्या, आणि १९८० च्या दशकात परत सेंट थॉमसमध्ये सल्लागार म्हणून येऊन एचआयव्हीचे फोटो काढायच्या कामातही त्यांनी हात लावला.