स्टोन टाउनची पायी फेरी: झांझिबारच्या गल्ल्यांमागचा इतिहास

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबारमधील स्टोन टाउन या जुन्या शहरात गाइडबरोबर पायी फिरायला साधारण दोन ते तीन तास लागतात. फेरी बहुधा समुद्रकाठच्या फोरोधानी बागेपासून निघते, जुना किल्ला आणि सुलतानांचे वाडे मागे टाकून नक्षीदार दारांच्या गल्ल्यांत शिरते आणि दाराजानी बाजाराजवळच्या अँग्लिकन कॅथेड्रलपाशी येऊन थांबते. थांब्यांचा हा क्रम चालणाऱ्याच्या सोयीचा असल्यामुळे सतराव्या शतकातल्या किल्ल्यानंतर काही पावलांवर १८८३ सालचा राजवाडा येतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनात दोनशे वर्षे एकमेकांत मिसळून जातात. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. या फेरीत अरब सुलतान आणि ब्रिटिश अधिकारी नावानिशी भेटतात, पण भारतीय व्यापाऱ्यांची ओळख बरेचदा सुंदर दारांचे मालक एवढ्यावरच आटोपते. प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकातल्या या शहराचे भांडवल, चलन आणि राजकारण यांचे धागे मोठ्या प्रमाणात मुंबईकडे जातात. मराठी वाचकाने त्या गल्ल्यांत पाऊल टाकण्यापूर्वी हे धागे जाणून घ्यावेत, एवढ्यासाठी हे टिपण मांडले आहे.

स्वाहिली भाषेत या भागाला ‘म्जी म्कोंग्वे’, म्हणजे जुने शहर, म्हणतात. उंगुजा या झांझिबारच्या मुख्य बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्रात शिरलेल्या एका त्रिकोणी भूभागावर ते वसले, आणि त्याच्या पूर्वेला भरतीचे पाणी येणारी खाडी होती. हिवाळ्यात ईशान्येकडून वाहणारे वारे कच्छ, काठेवाड, मुंबई आणि अरबस्तानातली गलबते इथे आणत आणि पुढे नैर्ऋत्येचे वारे सुरू झाले की तीच गलबते परत निघत. मधल्या महिन्यांत खलाशी आणि व्यापारी बंदरातच राहत. त्यामुळे परक्यांचा शेजार हा या शहराच्या स्वभावाचाच भाग झाला. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात इथे जम बसवला. ओमानच्या अरबांनी १६९८ साली मोंबासाचा फोर्ट जीझस जिंकल्यावर या किनाऱ्यावरची पोर्तुगीज सत्ता खिळखिळी झाली आणि झांझिबारमध्ये पोर्तुगीज प्रार्थनागृहाच्या जागी ओमानींनी किल्ला उभारला. फेरीत प्रथम दिसतो तो हाच.

शहराला खरा आकार मिळाला तो सय्यद सैद बिन सुलतान या ओमानी शासकामुळे. १८३० च्या दशकात त्याने मस्कतहून आपला मुक्काम इकडे हलवायला सुरुवात केली आणि १८४० पर्यंत झांझिबार ही त्याची राजधानी झाली. हिंदी महासागरातल्या फ्रेंच मळ्यांतून आलेली लवंगेची लागवड त्याने बेटभर वाढवली. मळ्यांना मजूर लागत, आणि ते आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरून गुलाम म्हणून आणले जात. त्याच वाटेने हस्तिदंतही येई आणि त्याचा मोठा हिस्सा मुंबईला रवाना होई. या सगळ्या उलाढालीचे केंद्र होते जकातघर. स्वाहिलीत जकातघराला ‘फोरोधा’ म्हणतात. ज्या बागेत पर्यटक फेरीसाठी जमतात तिचे नाव त्यावरूनच पडले आहे. जकात वसूल करण्याचा मक्ता सुलतानाने कच्छच्या भाटिया समाजातील जयराम शिवजी यांच्या पेढीला दिला, आणि मधला काही काळ वगळता तो जवळपास अर्धशतक याच पेढीकडे राहिला. ठरलेली रक्कम सुलतानाला द्यायची आणि आयात मालावरची पाच टक्के जकात आपण वसूल करायची, अशी ही व्यवस्था होती. हळूहळू सुलतानच पेढीचा ऋणको झाला. राज्याचा खजिना आणि व्यापाऱ्याची वही यांच्यातली सीमा पुसट होण्याचे इतके स्पष्ट उदाहरण त्या काळात क्वचितच सापडते, आणि म्हणूनच फोरोधानीत उभे राहून केवळ समुद्र पाहून पुढे निघू नये असे मला वाटते.

कच्छी भाटिया, खोजा, बोहरा, मेमन असे अनेक समाज या काळात इथे स्थिरावले. त्यांच्या घरांची रचना अरबी घरांहून वेगळी आहे. अरब श्रीमंतांची घरे बाहेरून साधी, भिंतींनी बंद आणि आतल्या चौकाभोवती उघडणारी, तर भारतीयांची घरे रस्त्याला सामोरी: तळमजल्यावर दुकान आणि वर बिऱ्हाड. दुकानाला स्वाहिलीत ‘दुका’ म्हणतात. गाडीला ‘गारी’, विम्याला ‘बिमा’, लाखाला ‘लाकी’ हे शब्दही याच देवघेवीतून त्या भाषेत रुजले. दारांतही असाच फरक दिसतो. वर सपाट आडवी पट्टी असलेली दारे अरबी धाटणीची, तर कमानीची आणि दाट वेलबुट्टीची दारे पश्चिम भारतातल्या कारागिरीशी नाते सांगणारी मानली जातात. दारांवरच्या पितळी खिळ्यांचा संबंध हत्तींच्या धडकेशी जोडला जातो. झांझिबारमध्ये रानटी हत्ती नाहीत. भारतातल्या किल्ल्यांच्या दारांची ती आठवण इथे केवळ शोभा म्हणून उरली आहे.

या घरांच्या बांधणीकडेही थांबून पाहिले पाहिजे, कारण शहराच्या आजच्या दुखण्याचे मूळ तिच्यातच आहे. भिंती प्रवाळाच्या दगडाच्या आणि चुन्याच्या असून पाटण तिवराच्या वाशांवर तोललेले असते. तिवराचा सरळ वासा फार लांब मिळत नाही; त्यामुळे खोल्यांची रुंदी तीन मीटरच्या आसपासच राहते आणि घरे लांबट होतात. प्रवाळ आणि चुना दोन्ही पाणी शोषतात. छप्पर गळू लागले आणि गिलावा वेळेवर झाला नाही, तर वाशांची टोके कुजतात आणि मजलाच खाली येतो. भिंतीला लागून रस्त्याच्या कडेने बांधलेल्या ओट्याला ‘बराझा’ म्हणतात. आपल्याकडच्या वाड्यांच्या ओट्यांप्रमाणेच तिथे आजही माणसे गप्पा मारत बसलेली असतात.

ब्रिटनचा झांझिबारमधला पहिला कॉन्सल, ॲटकिन्स हॅमर्टन, हा मुंबई फौजेतला अधिकारी होता. १८४१ साली तो रुजू झाला आणि पुढची कित्येक वर्षे या कचेरीचा कारभार मुंबई सरकारशी जोडलेला राहिला. सय्यद सैद १८५६ साली निधन पावल्यावर त्याच्या मुलांत वारसाहक्काचा तंटा लागला. एक मुलगा, बरगश, याने १८५९ साली भाऊ माजिद याच्याविरुद्ध बंड केले. ते ब्रिटिशांच्या मदतीने मोडण्यात आले आणि बरगशला हद्दपार करून मुंबईला पाठवण्यात आले. तिथे त्याने सुमारे दोन वर्षे काढली. दरम्यान १८६१ साली गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग याने निवाडा देऊन ओमान आणि झांझिबार ही दोन स्वतंत्र राज्ये केली, आणि झांझिबारने मस्कतला दरवर्षी ४०,००० क्राउन द्यावेत असे ठरवले. म्हणजे आफ्रिकेतल्या एका राज्याचा जन्म भारतातल्या ब्रिटिश कारभाराच्या कागदावर झाला. १८७० साली बरगश स्वतः सुलतान झाला, आणि त्याने शहरात नळाचे पाणी आणले, हमामनीची सार्वजनिक स्नानगृहे बांधली आणि १८८३ साली ‘बैत अल अजाइब’, म्हणजे आश्चर्यगृह, उभारले. लोखंडी खांबांच्या या उत्तुंग वाड्यात पुढे विजेचे दिवे आणि लिफ्टही आली. मुंबई त्या दशकांत झपाट्याने बदलत होती. तिथे काढलेल्या वर्षांचा ठसा बरगशच्या या आवडींवर उमटला असावा, हा तर्क मला पटण्याजोगा वाटतो.

यापुढचा भाग भारतीय पर्यटकांना सांगताना गाइड कधी कधी संकोचतात, आणि त्यांनी संकोचू नये. गुलामांच्या व्यापारात तांडे घेऊन आत जाणारे पुष्कळसे अरब आणि स्वाहिली होते, पण त्यांना उधारीवर कापड, मणी, तांब्याच्या तारा आणि बंदुका पुरवणारे भांडवल बऱ्याच अंशी भारतीय पेढ्यांचे होते. काही भारतीय कुटुंबांकडे स्वतःचे गुलामही होते. मुंबई फौजेतून आलेला कॉन्सल ख्रिस्टोफर रिग्बी याने १८६० साली ब्रिटिश प्रजाजन असलेल्या भारतीयांच्या ताब्यातील हजारो गुलामांना मुक्त केले, तेव्हा व्यापाऱ्यांच्या वस्तीत मोठी खळबळ माजली. थारिया तोपण हे खोजा व्यापारी याच काळात नावारूपाला आले. टिप्पू टिप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हमेद बिन मुहम्मदच्या हस्तिदंताच्या तांड्यांना त्यांनी भांडवल पुरवले, आणि त्या तांड्यांच्या वाटेवर माणसांचीही लूट होत असे. त्याच तोपणांनी १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त गरिबांसाठी दवाखान्याची पायाभरणी केली. १८९१ साली त्यांचे निधन झाले आणि इमारत १८९४ साली पुरी झाली. कोरीव लाकडी सज्जांची ही ‘ओल्ड डिस्पेन्सरी’ समुद्रकाठची सर्वांत देखणी वास्तू आहे. तिचे सौंदर्य आणि तिच्यामागचा पैसा ही दोन्ही एकाच वेळी सांगितली गेली पाहिजेत.

गुलामांचा बाजार बंद करणाऱ्या तहाचा इतिहासही मुंबईवरूनच जातो. मुंबईचा माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर, ज्याच्या कारकिर्दीत मुंबईच्या कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या, तो १८७३ साली बोलणी करण्यासाठी झांझिबारला आला. बरगशने नकार दिला. नंतर कॉन्सलचे काम पाहणाऱ्या जॉन कर्कने आरमारी नाकेबंदीची धमकी दिली, तेव्हा ५ जून १८७३ रोजी सुलतानाने सही केली. समुद्रमार्गे गुलाम नेणे आणि बाजार भरवणे त्या दिवशी बेकायदा ठरले. गुलामगिरीची कायदेशीर मान्यता मात्र १८९७ पर्यंत टिकली. बंद पडलेल्या बाजाराच्या जागेवर अँग्लिकन मिशनने बिशप एडवर्ड स्टीअर यांच्या देखरेखीखाली कॅथेड्रल बांधले. ज्या खांबाला बांधून गुलामांना फटके मारत, त्या जागी आजची वेदी असल्याचे सांगितले जाते. शेजारच्या इमारतीतली दोन अंधारी तळघरेही पर्यटकांना गुलामांची कोठडी म्हणून दाखवतात. ती इमारत मिशनने बाजार बंद झाल्यानंतरच्या काळात बांधलेली असल्यामुळे अभ्यासकांनी या दाव्याविषयी शंका घेतली आहे. ही शंका घेतल्याने त्या जागी घडलेल्या क्रौर्याचे वजन रतीभरही कमी होत नाही. अंगणात खड्ड्यात उभ्या असलेल्या, गळ्यात साखळ्या घातलेल्या पाच मूर्ती क्लारा सोर्नास या स्वीडिश शिल्पकर्तीने १९९८ साली घडवल्या, आणि त्यांच्यासमोर सहसा कुणाला बोलावेसे वाटत नाही.

याच कॅथेड्रलमध्ये एक लाकडी क्रूस आहे. आफ्रिकेत फिरलेले स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचे १८७३ साली आजच्या झांबियातील चितांबो गावी निधन झाले, आणि ज्या झाडाखाली त्यांचे हृदय पुरले त्याच्या लाकडापासून तो केलेला आहे. त्या झाडावर मजकूर कोरणारा जेकब वेनराइट नाशिकला शिकलेला होता. अरबी समुद्रात ब्रिटिश जहाजांनी सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना मुंबईत उतरवले जाई, आणि त्यांतील अनेकांना नाशिकच्या शरणपूर येथील मिशनच्या आश्रमशाळेत ठेवून अक्षरओळख आणि सुतारकी, लोहारकीसारखे धंदे शिकवले जात. नाशिकमधला शरणपूर रोड आजही त्या वस्तीचे नाव बाळगून आहे. लिव्हिंग्स्टन यांनी १८६६ च्या मोहिमेत नाशिकचे तरुण सोबत घेतले होते. वेनराइट नंतरच्या तुकडीबरोबर गेला. शेकडो मैलांवरून खांद्यावर वाहून किनाऱ्यापर्यंत आणलेले शव झांझिबारमार्गे इंग्लंडला गेले आणि वेनराइटने वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीत शवपेटीला खांदा दिला. नाशिकच्या अनेक आफ्रिकी ख्रिस्ती कुटुंबांनी पुढे मोंबासाजवळ वसवलेल्या मुक्त गुलामांच्या गावाला फ्रियरटाउन हे नाव मिळाले. मराठी मुलखाशी इतका जवळचा असलेला हा इतिहास आपल्या पाठ्यपुस्तकांत जवळपास नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

१८९० साली झांझिबार ब्रिटिश संरक्षित राज्य झाले. २७ ऑगस्ट १८९६ रोजी, ब्रिटिशांना नको असलेला खालिद बिन बरगश गादीवर बसल्यामुळे, त्यांच्या आरमाराने राजवाड्यावर तोफा डागल्या आणि पाऊण तासाच्या आत सर्व संपले. त्यानंतरच्या शांत दशकांत गोव्याहून आलेले कारकून, शिंपी, आचारी, वादक आणि छायाचित्रकार शहरात दिसू लागले. जुन्या झांझिबारची जी छायाचित्रे आज दुकानांत टांगलेली असतात, त्यांतली कितीतरी ए. सी. गोम्स यांच्या स्टुडिओतली आहेत. चलन भारतीय रुपया होते. १९०८ पासून सुमारे पाव शतक झांझिबारचा स्वतःचा रुपयाही चालला. ब्रिटिश कचेरीत रोखपाल असलेल्या बोमी बुलसारा या पारशी गृहस्थांचा मुलगा फारुख १९४६ साली इथे जन्मला, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि पुढे ‘क्वीन’ या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगाला माहीत झाला. त्याच्या नावाचे छोटे संग्रहालय आता फेरीतला ठरलेला थांबा आहे.

बुलसारा कुटुंब १९६४ साली इंग्लंडला गेले, ते अनेकांप्रमाणेच क्रांतीमुळे. १० डिसेंबर १९६३ रोजी झांझिबार स्वतंत्र झाले, आणि जेमतेम महिन्याभरात, १२ जानेवारी १९६४ रोजी, सुलतानाचे सरकार उलथवले गेले. हजारो अरब आणि भारतीय मारले गेले किंवा देश सोडून गेले. एप्रिलमध्ये मुख्य भूमीवरच्या टांगानिका या देशाशी संयोग होऊन आजच्या टांझानियाचा पाया घातला गेला. रिकामी घरे सरकारजमा झाली आणि त्यांत गरीब कुटुंबांना जागा मिळाली. एका घरात अनेक बिऱ्हाडे आली, मालक कुणीच राहिला नाही, आणि चुन्याचा गिलावा करण्याइतका पैसा कुणाकडेच नव्हता. दर पावसाळ्यात घरे पडू लागली. १९८५ साली संवर्धनासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले, १९९० च्या दशकात आगा खान ट्रस्टने ओल्ड डिस्पेन्सरी दुरुस्त केली आणि २००० साली युनेस्कोने शहराला जागतिक वारसा ठरवले. पर्यटनाचा पैसा आला, तसे अनेक वाड्यांचे हॉटेलांत रूपांतर झाले. तरीही २५ डिसेंबर २०२० रोजी, दुरुस्ती चालू असतानाच, आश्चर्यगृहाचा मोठा भाग कोसळून कामगारांचे प्राण गेले.

दाराजानी म्हणजे ‘पुलापाशी’. बाजाराचे हे नाव खाडीवरच्या पुलावरून पडले; ती खाडी विसाव्या शतकात बुजवली गेली आणि तिच्यावरून आज रहदारीचा रुंद रस्ता जातो. पलीकडच्या वस्तीला ‘न्गांबो’, म्हणजे ‘पल्याड’, हे नाव तेव्हापासून आहे. दगडी घरांचे बांधकाम करणारे, गलबतांतून माल उतरवणारे, लवंगा निवडणारे आणि मुक्त झालेले गुलाम तिथे माती-कुडाच्या घरांत राहत, आणि क्रांतीनंतर पूर्व जर्मनीच्या मदतीने मिचेंझानीच्या लांबलचक इमारती तिथेच उभ्या राहिल्या. बहुतेक फेऱ्या त्या रस्त्याच्या अलीकडे संपतात. ज्याच्याकडे आणखी एक तास असेल त्याने गाइडला रस्ता ओलांडून पलीकडे न्यायला सांगावे.