आलेला फोन कॉम्प्युटरने उचलावा यासाठी (एक्स्टर्नल मॉडेमच्या ग्राहकांसाठी)

शाखेतला दिवसाचा हिशेब रात्री मुख्य दुकानाच्या कॉम्प्युटरवर यावा आणि त्यासाठी कोणाला थांबावं लागू नये, म्हणून बरेच व्यापारी आमच्याकडून मॉडेम (फोनच्या लाइनवरून दोन कॉम्प्युटर जोडणारं यंत्र) नेत आले आहेत. नवा मॉडेम नंबर फिरवतो, पण आलेला फोन आपणहून उचलत नाही. तो उचलायला त्याला शिकवावं लागतं.

भिंतीवरच्या रोझेटची (टेलिफोन लाइनच्या डबीची) तार मॉडेमच्या ‘लाइन’ खाचेत लावा आणि टेलिफोन ‘फोन’ खाचेत. मग हायपरटर्मिनल (मॉडेमला आज्ञा देण्याचा, विंडोज एक्सपीपर्यंत विंडोजसोबत आलेला प्रोग्रॅम) उघडून मॉडेमचा पोर्ट, म्हणजे तो जिथे जोडला आहे ती खाच (बहुधा कॉम १), निवडा. ‘एटी’ टाइप करून एंटर दाबलं की ‘ओके’ आलं पाहिजे. आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत द्यायच्या. आता मोबाइलवरून या लाइनच्या नंबरला रिंग द्या, पडद्यावर ‘रिंग’ उमटेल.

मुख्य आज्ञा आहे ‘एटीएस०=२’, म्हणजे दुसऱ्या रिंगला उचल. ‘एस’नंतर शून्याचा आकडा आहे, ‘ओ’ अक्षर नव्हे. इथेच सर्वांत जास्त गफलत होते. पाठोपाठ ‘एटी&डब्ल्यू’ द्या, नाहीतर वीज गेली की मॉडेम सगळं विसरतो. मॉडेमवर ‘एए’ (ऑटो आन्सर) दिवा असेल तर तो आता पेटलेला राहील. हे काम बंद करायचं झालं तर दोनच्या जागी शून्य. एखादा प्रोग्रॅम सुरू होताना स्वतःच ‘एटी&एफ’ पाठवून सेटिंग पुसतो, तेवढं तपासा. आणि विंडोज एक्सपीचं ‘इनकमिंग कनेक्शन’ (बाहेरून फोनवर आलेल्या कॉम्प्युटरला आत घेण्याची सोय) वापरणार असाल, तर या आज्ञेची गरजच नाही. फोन विंडोज स्वतः उचलतं.

खोक्यावर ५६ के (सेकंदाला ५६ हजार बिट) लिहिलेलं असलं तरी दोन साध्या लाइनींमध्ये जास्तीत जास्त ३३.६ केचा वेग मिळतो. ५६ के मिळायला एक टोक डिजिटल लागतं, जसं इंटरनेट कंपनीकडे असतं. मॉडेममध्ये दोष नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. उचलणारा कॉम्प्युटर नंबर लावणाऱ्या कोणाचाही फोन उचलतो, आणि ओळीने नंबर फिरवून असे कॉम्प्युटर शोधणारे लोक आहेत. शाखेसाठी वेगळं नाव आणि लांब पासवर्ड ठेवा, ‘गेस्ट’ खातं बंद करा. इनकमिंग कनेक्शनमध्ये ‘कॉलबॅक’ची सोय आहे: कॉम्प्युटर नाव-पासवर्ड तपासून फोन ठेवतो आणि ठरवून दिलेल्या नंबरलाच उलट फोन करतो. कॉलचा खर्च आपल्याकडे येतो, तरीही ती चालू ठेवा असा आमचा आग्रह आहे.

त्या लाइनवर कॉल वेटिंग नको. मधल्या बीपने जोडणी तुटते. त्याच लाइनवर जोडलेला दुसरा (पॅरलल) फोन कोणी उचलला तरी तेच. वळवाच्या पावसात गडगडाट सुरू झाला की वीज आणि फोन, दोन्ही तारा काढा. फोनच्या तारेतून आलेल्या झटक्याने मॉडेम जळतात.

जोडणी वारंवार तुटत असेल तर मॉडेम काढून साधा फोन लावा आणि कान देऊन ऐका. खरखर असेल तर एक्सचेंजकडे तक्रार नोंदवा. लाइन स्वच्छ असेल तर मॉडेम त्याच्या अडॅप्टरसकट आमच्याकडे घेऊन या.