सुबोध मराठी लेखनाची संगणकीय साधने (नागपूर)

लिहिलेला मजकूर वाचणाऱ्याला पहिल्याच वाचनात कळावा, म्हणून तो तपासणारी व बदल सुचवणारी सॉफ्टवेअर. शुद्धलेखन तपासनीस, शोधून बदलण्याची सोय, वाक्यांची लांबी मोजणारे छोटे प्रोग्राम, मजकूर वाचून दाखवणारा आवाज आणि अलीकडची कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी लेखनसाधने, असे यांचे मुख्य प्रकार आहेत.

नागपुरात कार्यालयीन मराठी फार लिहिली जाते. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन, मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ, विद्यापीठ, महापालिका या सगळ्यांचा कारभार इथे चालतो. शिवाय १९५६ पर्यंत हे शहर मराठी-हिंदी अशा दोन भाषांच्या प्रांताची राजधानी होते. डॉ. रघुवीर यांनी संस्कृतावरून घडवलेल्या प्रशासकीय शब्दांचे मोठे काम १९४० च्या दशकात इथेच उभे राहिले. जड शब्द आणि हिंदीची सरमिसळ हे इथल्या कार्यालयीन मजकुराचे दोन जुने प्रश्न आहेत. साधन निवडताना ते ध्यानात ठेवावे लागतात.

कामाचा क्रम

बहुतेक जण फाइल उघडल्याबरोबर शुद्धलेखन तपासतात. ते सर्वांत शेवटी करावे, कारण जे वाक्य पुढे काढूनच टाकायचे आहे त्यातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यात वेळ जातो. आधी मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीतील चिन्हांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या संगणकीय पद्धतीत) एकसारखा करावा, मग वाक्ये तोडावीत, मग शब्द हलके करावेत, नंतर शुद्धलेखन पाहावे आणि अखेरीस सगळा मजकूर कानांनी ऐकावा.

युनिकोडची पायरी अनेकांना अनावश्यक वाटते, पण तिच्यावाचून पुढची साधने चुकतात. ‘भंडारा’चे सामान्यरूप ‘भंडाऱ्या-’. त्यातला ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टंकला जातो: खाली नुक्ता (टिंब) असलेल्या ‘ऱ’ला हलन्त (पाय मोडण्याची खूण) देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एक शोधले तर दुसरे सापडत नाही. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण ‘र’ आणि सुटा नुक्ता जोडून ‘ऱ’ करते, जोडचिन्हाच्या रूपाला मात्र हात लावत नाही. ते स्वतः शोधून बदलावे लागते. ‘ॲप’ या शब्दातही अशीच दोन रूपे आढळतात: एकसंध ‘ॲ’ आणि ‘अ’वर वेगळा चंद्र. श्रीलिपी, आकृती यांच्या जुन्या फाँटमधल्या फाइली परिवर्तकातून काढल्या की पहिली वेलांटी आणि रफार हमखास सरकतात. तेवढ्या दोन गोष्टी डोळ्यांनी तपासाव्यात.

वाक्य

साध्या कार्यालयीन मजकुरात वाक्य बारा ते पंधरा शब्दांचे असावे आणि विसाच्या पुढे गेले की थांबून पाहावे, असा कामचलाऊ दंडक ठेवता येतो. मराठी विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच जोडते, त्यामुळे आपले पंधरा शब्द इंग्रजीच्या पंधरा शब्दांपेक्षा जास्त ओझे वाहतात.

मोजणीतली नेहमीची चूक पूर्णविरामाची असते. ‘दि.’, ‘क्र.’, ‘मा.’, ‘रु.’, ‘डॉ.’ यांच्या टिंबांवर प्रोग्राम वाक्य संपले असे धरतो आणि सरासरी लांबी खोटी कमी दिसते. मोजण्यापूर्वी प्रत काढून त्या प्रतीत ही टिंबे पुसावीत. शब्दमोजणीतही घोटाळा होतो. पायथन या प्रोग्राम लिहिण्याच्या भाषेत शब्द ओळखण्याचा जो मूळ साचा आहे, त्यात काना-मात्रांना अक्षर मानलेले नाही, त्यामुळे ‘नागपूर’ या एका शब्दाचे ‘न’, ‘गप’, ‘र’ असे तीन तुकडे पडतात. मोकळ्या जागेवर शब्द तोडणे हा सोपा उपाय आहे.

वाचनसुलभतेचे इंग्रजी गुणांक मराठीला लावू नयेत. इंग्रजी मजकूर किती सोपा आहे ते मोजणारे (आकडा जितका कमी, तितका मजकूर अवघड) रुडॉल्फ फ्लेश यांचे १९४८ चे सूत्र दर शब्दातील उच्चारखंडांच्या सरासरीला ८४.६ ने गुणून ते २०६.८३५ मधून वजा करते. ‘नागपूर’ लिहिताना चार अक्षरे आहेत, उच्चारताना खंड दोनच. ‘नागपुरातल्यांसाठीसुद्धा’ हा तर दहा अक्षरांचा एकच शब्द, आणि तो कोणालाही कळतो. अशा शब्दांवर सूत्राचा आकडा शून्याच्याही खाली जातो आणि त्यातून काहीच समजत नाही.

त्याऐवजी ‘ण्यात’ हा तुकडा शोधावा. ‘करण्यात येते’, ‘घेण्यात आले’ या रचनेत काम कोण करणार ते लपते. नमुना म्हणून ही सूचना पाहावी:

‘उपरोक्त विषयास अनुसरून सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, धरमपेठ परिसरातील जलवाहिनीच्या दुरुस्तीचे काम हाती घेण्यात येणार असल्याने सदर परिसरातील पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार असून नागरिकांनी सहकार्य करावे.’

सत्तावीस शब्द, एक वाक्य, तीन ‘ण्यात’. हीच सूचना अशी होते: ‘धरमपेठेत जलवाहिनीची दुरुस्ती आहे. बुधवारी सकाळी १० ते संध्याकाळी ६ नळाला पाणी येणार नाही. मंगळवारीच पाणी भरून ठेवा.’ वार आणि वेळ मूळ मजकुरात नव्हतेच. जे लिहिलेलेच नाही ते लांबी मोजणाऱ्या किंवा शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनाला दिसत नाही, आणि वाचणाऱ्याला तर नेमके तेच हवे असते. म्हणून साधन चालवण्याआधी कोण, केव्हा, कुठे, किती आणि वाचणाऱ्याने काय करायचे, हे कागदावर मांडून घ्यावे. लघुसंदेश पाठवायचा असेल तर देवनागरीत एका संदेशात ७० चिन्हेच मावतात आणि काना, मात्रा, हलन्त ही प्रत्येकी एक चिन्ह म्हणून मोजली जातात. ‘स्पष्टीकरण’ची अक्षरे पाच, पण चिन्हे दहा.

शब्द आणि हिंदीची छाया

‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘तद्नंतर’, ‘अन्वये’ अशा शब्दांची यादी आणि प्रत्येकापुढे सोपा पर्याय, एवढी एक तक्ता-फाइल कार्यालयात असली तरी बरेच काम भागते. बदल मात्र एकेक पाहून करावा. ‘सदर’ सरसकट ‘हा’ केला तर ‘सदरचे’ ‘हाचे’ होते आणि ‘सदरा’तलाही ‘सदर’ बदलला जातो.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वाक्य तोडायला उपयोगी पडतात, पण त्यांच्या मराठीत हिंदी शिरण्याचा धोका असतो. मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड, ‘संशोधन’ म्हणजे नवा शोध, ‘चेष्टा’ म्हणजे थट्टा, ‘राजीनामा’ म्हणजे पद सोडणे. हिंदीत हेच शब्द शिक्षण, दुरुस्ती, प्रयत्न आणि तडजोड या अर्थांनी येतात. कायद्यातील दुरुस्तीला ‘संशोधन’ म्हटलेले नागपुरी कागदपत्रांत चटकन खपून जाते, कारण कानाला ते सवयीचे असते. ‘करता येईल’चे ‘करावे’ होणे ही दुसरी चूक, आणि ती अधिक घातक आहे, कारण मुभा होती तिथे सक्ती येते. आकडे, तारखा आणि क्रियापदांची रूपे मूळ प्रतीशी शब्दागणिक ताडून पाहावीत. अर्जदाराचे नाव, पत्ता, आधार क्रमांक अशा साधनात टाकू नयेत. त्या जागी ‘अ’, ‘ब’ लिहून मजकूर द्यावा.

शुद्धलेखन

मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ मध्ये चौदा होते, १९७२ मध्ये चार वाढून अठरा झाले. त्यातला शहराच्या नावालाच लागणारा नियम उपान्त्य (शेवटून दुसऱ्या) स्वराचा: ‘नागपूर’ दीर्घ, पण ‘नागपुरात’, ‘नागपुरी’ ऱ्हस्व. ‘नागपूरात’ अशा पाट्या सर्रास दिसतात. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्समध्ये चालणारा हनस्पेल हा तपासनीस दोन फाइलींवर उभा आहे: एकीत मूळ शब्द, दुसरीत प्रत्ययांचे नियम. शेवटचे ‘ूर’ काढून ‘ुरात’ लावण्याचा नियम त्या शब्दाला जोडलेला नसेल, तर बरोबर रूपाखालीही लाल रेघ येते. वैयक्तिक कोशात ‘धरमपेठ’ भरल्याने ‘धरमपेठेतील’ आपोआप चालत नाही. नेहमीची आठ-दहा रूपे एकदाच भरून ठेवावीत.

वऱ्हाडी-नागपुरी बोलीपुढे हा तपासनीस अडतो. ‘मले’ (मला), ‘काहून’ (का), ‘पोट्टं’ (पोर) यांना तो चूक ठरवतो, आणि ‘करून राहिला’ (करतो आहे) यातले दोन्ही शब्द प्रमाण असल्याने ते निमूट सोडतो. साक्षीदाराचा जबाब, मुलाखत किंवा कथेतला संवाद यांतली बोली सुलभीकरणाच्या नावाखाली पुसू नये. बोलणाऱ्याचे शब्द त्याचेच राहिले पाहिजेत. हे शब्द कोशात भरले तर ते पुढे कार्यालयीन पत्रातही बिनतक्रार सुटतात. त्यापेक्षा लिब्रेऑफिसमध्ये तेवढा अवतरणातला मजकूर निवडून त्याची भाषा ‘काहीही नाही’ अशी ठरवावी. मग तपासणी त्या ओळी वगळून पुढे जाते.